५० गुणिले ४ : गाडीतल्या आवाजाचं गणित

घरच्यांनी हप्त्यावर गाडी घेतली की तिच्या स्पीकरची चौकशी सगळ्यात आधी इंजिनिअरिंगला असलेला मुलगा किंवा मुलगी करते. कंपनीचे स्पीकर म्हणजे नुसता डबा, असं कुणीतरी सांगितलेलं असतंच. मग आपण दुकानात जातो आणि दुकानदार विचारतो, "किती वॅटचे दाखवू?" इथेच आपली विकेट पडते. कारण वॅटचा आकडा हा डब्यावरचा सगळ्यात निरुपयोगी आकडा आहे.

पटत नसेल तर वही काढा. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंवर '५० वॅट गुणिले ४' असं ठळक छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीचा सप्लाय साधारण १४.४ व्होल्ट. स्टिरिओतली चिप स्पीकरच्या दोन्ही टोकांना आलटून पालटून ढकलते (ब्रिज जोडणी), तरी स्पीकरवर पीक व्होल्टेज १४.४ च्या वर जात नाही. त्याला १.४१४ ने भागा, आरएमएस आला १०.२. वर्ग करून ४ ओहमने भागा, २६ वॅट. हेही ट्रान्झिस्टर आदर्श धरले तर. प्रत्यक्षात स्वच्छ आवाजाचे १८-२० वॅट हाती लागतात. मग ५० आले कुठून? साइन वेव्ह विसरा आणि आवाज फाटून लाट पार चौकोनी झाली असं समजा. १४.४ चा वर्ग भागिले ४ बरोबर ५१.८! म्हणजे डब्यावर जी शक्ती छापली आहे, ती गाणं ऐकण्यालायक उरत नाही तेव्हाची आहे.

तेव्हा हातात आहेत २० वॅट. आता दुकानदाराला विचारायचा खरा प्रश्न: "सेन्सिटिव्हिटी किती डेसिबल?" तीन डेसिबल जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते. ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८६ वाल्याला ८० वॅट लागतात. कंपनीचे स्पीकर हलक्या कागदी कोनचे असतात, आणि दिसायला गरीब असले तरी कमी शक्तीवर चांगले बोलतात. त्यांच्या जागी जाड कोनचा, अॅम्प्लिफायरसाठी बनवलेला महागडा स्पीकर नुसत्या स्टिरिओवर लावला, तर पैसे जाऊन आवाज कमी झाला असंही होतं. इम्पीडन्सही बघा. ४ ओहमसाठी बनवलेल्या स्टिरिओवर २ ओहमचा स्पीकर टांगला, तर चिप तापणारच.

पण खरी गंमत स्पीकरमध्ये नाहीच, दारात आहे. कोन पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. १०० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर. त्यापुढे पत्र्यातल्या भोकांमधून मागची लाट पुढे यायचं अंतर किती? वीतभर. म्हणजे दोन्ही लाटा उलट्या फेजमध्ये भेटतात आणि बेस जागच्या जागी मरतो. डोअर पॅड काढून बघा: आतल्या पत्र्याला काचेच्या मशीनसाठी मोठमोठी भोकं आणि त्यावर पातळ प्लास्टिकचा पडदा. स्पीकरही बरेचदा प्लास्टिकच्या लेच्यापेच्या चौकटीवर. म्हणून आधी एक घट्ट रिंग बनवून घ्या, पण साध्या एमडीएफची नको. कोकणातल्या नाही, पुण्यातल्या पावसातही ती फुगते. मरीन प्लाय वापरा. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी लावा. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटिलची डॅम्पिंग शीट लावा. अख्खं दार मढवायची गरज नाही, मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर पुरे. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, ते बाहेर जायची खालच्या कडेची भोकं चुकूनही बुजवू नका, नाहीतर दार आतून गंजेल. रिंगने स्पीकरची जागा बदलते, म्हणून काच पूर्ण खाली घेऊन ती मॅग्नेटला घासत नाही ना, ते आधी मोजा. एवढं केल्यावर जुनाच स्पीकर परत लावून ऐका. नवीन घ्यायचा विचार काही जण इथेच सोडून देतात!

(पेटी आणि स्पीकर यांचं नातं नेव्हिल थील यांनी १९६१ च्या निबंधात मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पुढे नेलं. ईएनटीसीवाल्यांनो, प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर इथे बघा.)

मागच्या ट्रेवर मोठे ओव्हल स्पीकर ठोकायची आपल्याकडे फार हौस. माझं मत विचाराल तर तो पैसा पुढच्या दारांत घाला. हॅचबॅकचा सुटा ट्रे हा बॅफल म्हणून कुचकामी असतो, आणि जोरात ब्रेक लागल्यावर तो वजनदार लोखंडी गोळा मागच्या सीटवर बसलेल्यांच्या डोक्याशी असतो.

अॅम्प्लिफायर लावणार असाल तर थोडं गंभीर व्हा. ५० वॅटचे चार खरे चॅनेल आणि ६० टक्के एफिशियन्सी धरली, तर बॅटरीतून २४ अँपिअर येतात. वायर जाड हवीच, पण फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो अॅम्प्लिफायर नाही, वायर वाचवतो. इंजिनकडून आत येताना वायर पत्र्याच्या धारेवर घासली आणि मागे फ्यूज नसेल, तर गाडी पेटायला दुसरं कारण लागत नाही. भोकात रबरी ग्रॉमेट घालाच. मूळ हार्नेस कापू देऊ नका, कपलर मिळतो. ट्विटर विंडस्क्रीनच्या बाजूच्या खांबावर लावायचा असेल तर तिथे कर्टन एअरबॅग नाही ना ते बघा. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा सेन्सर दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजतो. अशा दारात नवी भोकं पाडणं म्हणजे एअरबॅगशी खेळ, तिथे आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

शेवटी पोलॅरिटी. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की कोन बाहेर येतो. पॅड बसवण्याआधी ही तपासणी दोन्ही दारांना करा. एक जरी उलटा असेल तरी बेस गायब होतो, आणि मग पॅडच्या क्लिपा पुन्हा काढताना त्यातल्या दोन तरी तुटतात.