जिम्नीच्या टायरमध्ये हवा किती?

प्रश्न : माझी मारुती जिम्नी आहे. पंपावर चारही टायरांत ३५ पीएसआय हवा भरतात. गाडी फार उसळते. म्हैसमाळचा घाट आणि गावाकडची काळ्या मातीची वाट, दोन्हींसाठी हवा किती ठेवावी?
– एक वाचक, औरंगपुरा

उत्तर : ३५ ही तुमच्या हलक्या गाडीला जास्तच होते. डांबरी रस्त्यावर आणि घाटात चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा पाळा. हवा जास्त झाली की टायरचा मधला भागच रस्त्याला टेकतो आणि पकड घटते.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब एक पीएसआयने वाढतो. म्हणून मे महिन्यात तापलेल्या टायरमधली हवा काढू नका.

चिखलात दाब १८ ते २० पर्यंत उतरवा आणि वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवा. १५ च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरावर येताच हवा पुन्हा भरा. त्यासाठी गेज आणि छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच. मात्र काळी माती टायरच्या खाचांत बसली, की कमी हवेचाही फारसा उपयोग होत नाही. भर पावसात ती वाट टाळाच.