संगणकाच्या पडद्यावरील नोंदींचे दप्तर

निफाडच्या सपाट बागायती पट्ट्यापासून पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ मुलखापर्यंत नाशिक जिल्ह्याचे १५ तालुके पसरलेले आहेत. शेती, पाऊस आणि दळणवळण यांबाबत या तालुक्यांत मोठे अंतर आहे. तथापि तेथील ग्रामपंचायती, शाळा आणि ‘आपले सरकार सेवा केंद्रे’ यांच्या कामकाजात एक गोष्ट आता समान झाली आहे. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज असो, ‘महाडीबीटी’ वरील शिष्यवृत्तीचा अर्ज असो अथवा ‘यूडायस प्लस’ मध्ये भरावयाची शाळेची माहिती असो, काम पूर्ण झाल्याची खूण प्रथम उमटते ती संगणकाच्या पडद्यावर.

ही खूण निसटू नये म्हणून पडद्यावरील दृश्य जसेच्या तसे टिपून ठेवण्यात येते. यालाच ‘स्क्रीनशॉट’ म्हणतात. परंतु टिपलेले चित्र नेमके कोठे गेले, त्याला नाव कोणते द्यावे आणि ते किती काळ ठेवावे, याचा विचार क्वचितच होतो. समजा, एखाद्या विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या सायंकाळी दाखल झाला. अर्ज क्रमांक पडद्यावर आला, शिक्षकांनी तो टिपलाही. दोन महिन्यांनी अर्जाविषयी विचारणा झाली, तेव्हा मात्र ते चित्र सापडेना. चित्र संगणकातच होते. पण अशाच शेकडो चित्रांत दडलेले होते. न सापडणारा कागद आणि नसलेला कागद यांत व्यवहारतः फारसा फरक उरत नाही.

चित्र जाते कोठे?

बहुतेक कार्यालयांत ‘विंडोज’ प्रणालीचे संगणक आहेत. त्यांवर पडदा टिपण्याच्या अनेक रीती असून प्रत्येक रीतीत चित्राचे ठिकाण निराळे असते. गोंधळाचे मूळ येथेच आहे.

केवळ ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ दाबली असता जुन्या आवृत्त्यांत चित्र फाईलच्या रूपाने साठविले जात नाही. ते संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे ‘क्लिपबोर्ड’ वर राहते. ‘पेंट’ किंवा ‘वर्ड’ उघडून तेथे ते चिकटविले आणि जतन केले, तरच टिकते. मध्येच वीज गेल्यास ते नाहीसे होते. ‘विंडोज ११’ च्या अलीकडील आवृत्त्यांत हीच कळ दाबल्यावर ‘स्निपिंग टूल’ उघडते.

‘विंडोज’ कळ आणि ‘प्रिंट स्क्रीन’ या दोन्ही एकत्र दाबल्यास मात्र चित्र आपोआप जतन होते. ‘विंडोज ८’ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही सोय उपलब्ध आहे. हे चित्र ‘पिक्चर्स’ या फोल्डरमधील ‘स्क्रीनशॉट्स’ या उपफोल्डरमध्ये अनुक्रमांकासह जाऊन बसते.

‘विंडोज’, ‘शिफ्ट’ आणि ‘एस’ या तीन कळांनी पडद्याचा हवा तेवढाच भाग टिपता येतो. ‘विंडोज ११’ मधील नवे ‘स्निपिंग टूल’ तो भाग ‘स्क्रीनशॉट्स’ मध्ये आपण होऊन जतन करते. जुन्या आवृत्तीत तो वापरणाऱ्याने स्वतः जतन करावा लागतो. ‘विंडोज’, ‘आल्ट’ आणि ‘प्रिंट स्क्रीन’ यांनी टिपलेले चित्र तर ‘व्हिडिओज’ मधील ‘कॅप्चर्स’ या अनपेक्षित जागी जाते.

हरवलेल्या चित्राचा शोध

चित्र सापडत नसेल, तर शोध क्रमाने घ्यावा. प्रथम ‘पिक्चर्स’ मधील ‘स्क्रीनशॉट्स’ पाहावे. संगणक ‘वनड्राइव्ह’ शी जोडलेला असेल, तर ‘पिक्चर्स’ हे फोल्डरच ‘वनड्राइव्ह’ च्या आत हलविलेले असण्याचा संभव असतो. म्हणून तेथेही पाहावे. त्यानंतर ‘डाउनलोड्स’, ‘डेस्कटॉप’ आणि ‘कॅप्चर्स’ ही ठिकाणे तपासावीत. एवढ्याने काम न झाल्यास ‘फाईल एक्सप्लोरर’ च्या शोधचौकटीत इंग्रजी लिपीत तारांकित चिन्ह, टिंब आणि ‘पीएनजी’ ही तीन अक्षरे टंकावीत. त्या प्रकारची सर्व चित्रे पुढे येतात. ती तारखेप्रमाणे लावली की अर्ज भरला त्या दिवसाची चित्रे एकत्र दिसतात. चुकीने पुसलेले चित्र ‘रिसायकल बिन’ मध्ये असू शकते.

चित्र फाईलरूपाने जतनच झाले नसेल, तर ‘विंडोज’ आणि ‘व्ही’ या कळांनी क्लिपबोर्डचा इतिहास पाहता येतो. मात्र ही सोय आधीच सुरू करून ठेवलेली असावी लागते. तिच्यात केवळ २५ नोंदी मावतात आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर, मुद्दाम टाचून ठेवलेल्या नोंदी वगळता, बाकीच्या पुसल्या जातात.

नाव देण्याची शिस्त

संगणकाने दिलेल्या अनुक्रमांकावरून चित्रात काय आहे, हे कळत नाही. म्हणून चित्र टिपताच त्याला अर्थपूर्ण नाव द्यावे. नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यापुढे विषय असावा. उदाहरणार्थ, ‘२०२५-०८-१४ महाडीबीटी अर्ज दाखल’. संगणक नावे डावीकडून वाचून क्रम लावतो. त्यामुळे वर्ष आरंभी असल्यास चित्रे आपोआप कालक्रमाने लागतात. तारखेत तिरकी रेघ वापरण्याची आपली सवय येथे उपयोगी नाही. ‘विंडोज’ फाईलच्या नावात ती स्वीकारत नाही. सबब आडवी लहान रेघ द्यावी.

सहा गठ्ठ्यांचा धडा

चित्रांची विल्हेवाट लावण्यासाठी नवे शास्त्र शोधण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील कार्यालयांना ‘सहा गठ्ठा पद्धती’ सुपरिचित आहे. प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद हे सर्व वेगवेगळे बांधण्यामागे एकच तत्त्व आहे. प्रत्येक कागदाची पुढची वाट ठरलेली असली पाहिजे.

हेच तत्त्व संगणकाला लावता येते. ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरला आवक टपालाची पेटी समजावे. तेथे काहीही कायम राहू नये. त्याशेजारी ‘प्रतीक्षाधीन’, ‘अभिलेख’ आणि ‘नष्ट करावयाचे’ असे तीन फोल्डर करावेत. अर्जाचा निर्णय लागेपर्यंत चित्र पहिल्यात ठेवावे. निर्णयानंतर, गरज असल्यास, ते योजना व वर्ष यांनुसार दुसऱ्यात न्यावे, अन्यथा तिसऱ्यात टाकावे. आठवड्यातून एकदा पाव तास दिला, तरी हे काम साचत नाही. अभिलेखाची एक प्रत अन्य साधनावरही असावी. शासकीय कामकाजाचा भाग झालेल्या नोंदी मात्र विहित कालावधीपूर्वी पुसता कामा नयेत. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चे भान येथे राखले पाहिजे.

चित्र आणि पुरावा

स्क्रीनशॉट ही आठवण आहे. ती पोच नव्हे. चित्रात सहज फेरफार करता येत असल्याने संकेतस्थळावरून मिळणारी मूळ पोचपावती उतरवून घेणे आणि अर्ज क्रमांक नोंदवहीत लिहिणे या दोन गोष्टी कधीही टाळू नयेत. चित्र टिपताना पडद्याचा मधला भाग तेवढाच न घेता वरचा संकेतस्थळाचा पत्ता आणि खालची तारीख-वेळ यांसह संपूर्ण पडदा घ्यावा. ‘व्हॉट्सअॅप’ वरून नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र आकुंचित होते आणि त्याचे नावही बदलते. म्हणून मूळ फाईल राखून ठेवावी.

न्यायालयातही अशा नोंदींसाठी विशेष रीत आहे. जालना मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची ही अट आहे.

आणखी एक दक्षता अगत्याची आहे. नागरिकांचा आधार क्रमांक, बँक खाते, भ्रमणध्वनी क्रमांक हा तपशील अनेक चित्रांत असतो. अशी चित्रे सामायिक संगणकाच्या ‘डेस्कटॉप’ वर पडू देणे किंवा गटांवर पाठविणे अयोग्य होय. काम संपताच ती हलवावीत वा पुसावीत आणि ‘रिसायकल बिन’ ही रिकामे करावे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अर्जदाराला अर्जाची पोच मिळण्याचा आणि विहित मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करण्याचा हक्क आहे. अर्ज कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमांकाने दाखल झाला, हे दाखविता आले तरच त्या हक्काला बळ येते. डोंगरातील पाड्यावरून तालुक्याच्या गावी आलेल्या माणसाला पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवून हेलपाटा घालावा लागतो की नाही, हे पुष्कळदा संगणकातील एक चित्र वेळेवर सापडण्यावर अवलंबून असते. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांनी कागदी दप्तराची शिस्त पडद्यावरील दप्तरालाही लावली, तर हा हेलपाटा खचितच टळेल.