कार्बन फ्रेमची सिंगलस्पीड सायकल

प्रश्न : टपालाने मागवलेली कार्बन फ्रेम आणि जुने सुटे भाग यांतून सिंगलस्पीड सायकल जुळवता येईल का? (एक वाचक, बसवकल्याण)

उत्तर : जुळवता येते, परंतु गिअरच्या सायकलींसाठी घडवलेल्या बहुतेक कार्बन फ्रेमांत ड्रॉपआउट, म्हणजे मागील चाकाचा आस बसतो ती खाच, उभी असते, त्यामुळे चाक मागे सरकवून चेन ताणता येत नाही आणि चेन-टेन्शनर बसवावा लागतो. जुन्या कॅसेट हबवर एकच दातेरी चक्र ठेवून दोन्ही बाजूंस स्पेसर घातले, की चेन सरळ रेषेत येते. बिदर-कलबुर्गीच्या पठारी रस्त्यांना पुढे ४२ आणि मागे १८ दाते सोयीचे ठरतात, कारण ७००सी चाकावर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ४.९ मीटर जाते; कारंजा खोऱ्याच्या चढांवर मात्र मागे २० दाते असलेले बरे. सीटपोस्टचा बोल्ट अंदाजाने आवळू नये, फ्रेमवर छापलेल्या मर्यादेइतकाच टॉर्क-पान्याने आवळावा.