पावती नाही, म्हणून खर्च बुडाला काय?

फणसवाडीतून मूळजी जेठा मार्केटकडे माल नेणारा हातगाडीवाला पावती देत नाही. काज-बटण करणारा, इस्त्रीवाला, रफूगार, हमाल यांच्याकडे बिलबुक नसते. आमच्या कापडधंद्यात आणि ठेक्यावर शिलाईकाम घेणाऱ्या बांधवांच्या कामात असा खर्च रोजचा आहे. वर्ष संपले की प्रश्न उभा राहतो : पावती नाही, तर हा खर्च आयकरात मिळेल काय?

प्रथम मूळ नियम समजून घ्यावा. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे खर्च पूर्णपणे धंद्यासाठीच झालेला असावा. घरखर्च किंवा भांडवली खर्च त्यात येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले. छापील पावती हा पुरावा आहे, पण एकमेव पुरावा नव्हे. मात्र खर्च झाला हे दाखविण्याची जबाबदारी आपली आहे. पुरावा कच्चा असला की अधिकारी रोख खर्चातून काही टक्के कापतात, हा आमचाही अनुभव आहे.

मग करावे काय?

१) पावती न देणाऱ्यासाठी आपले व्हाउचर आपणच करावे. तारीख, नाव, मोबाइल नंबर, काम, रक्कम आणि घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. कोणत्या चलनाच्या मालासाठी पैसे दिले, तो चलन नंबर जरूर लिहावा. खर्च आणि काम यांची सांगड त्यानेच बसते.

२) रोजमेळ रोजच लिहावा. मार्चअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने लिहिलेली वही कोणीही ओळखतो.

३) जमेल तिथे पैसे मोबाइलवरून किंवा बँकेतून द्यावेत. बँकेची नोंद हाच मोठा साक्षीदार.

४) एका माणसाला एका दिवसात रोख १०,००० रुपयांपेक्षा जास्त दिले, तर पक्की पावती असूनही तो खर्च साधारणपणे नामंजूर होतो. मालवाहतूकदारांसाठी ही मर्यादा ३५,००० आहे.

लहान धंदेवाल्यांसाठी दुसरी वाट आहे. जुन्या कायद्यात ती कलम ४४एडी म्हणून ओळखली जात असे. उलाढाल २ कोटींपर्यंत (रोख जमा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ३ कोटींपर्यंत) असेल, तर रोख जमेवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के नफा धरता येतो. समजा, शिलाईच्या ठेकेदाराची मजुरी वर्षाला १८ लाख, त्यापैकी निम्मी रोख. ९ लाखांवर ७२,००० आणि ९ लाखांवर ५४,००० मिळून नफा १,२६,०००. एकाही खर्चाची पावती दाखवावी लागत नाही. पण वेगळा खर्चही मागता येत नाही. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवावा. ही वाट मध्येच सोडली तर पुढील पाच वर्षे परत मिळत नाही. दलालीच्या उत्पन्नाला ही सवलत लागू नाही, हे आमच्या कापड-दलाल मित्रांनी ध्यानात ठेवावे.

आता एक कडक इशारा. बाजारात दोन-चार टक्के घेऊन 'बिल' देणारे भेटतात. खरा खर्च झाला आहे, फक्त कागद नाही, मग कागद विकत घेतला तर काय बिघडले, असे वाटते. येथेच घात होतो. २०२० पासून खोट्या नोंदीवर तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या एका कापडव्यापाऱ्याच्या प्रकरणात, विक्री खरी मानली गेल्यामुळे, मुंबई उच्च न्यायालयाने संशयित खरेदीवर फक्त नफ्याच्या फरकाइतकीच रक्कम धरू दिली. त्यावर कोणी विसंबू नये. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या प्रकरणात खरेदी सिद्धच झाली नाही, तेव्हा त्याच न्यायालयाने पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली.

हातगाडीवाल्याच्या अंगठ्याचे साधे व्हाउचर खरे असते; विकत घेतलेले छापील बिल खोटे असते. पहिल्यात फार तर थोडी कपात होईल, दुसऱ्यात धंदा आणि अब्रू दोन्ही जातील. तेव्हा आजच पन्नास पानांचे व्हाउचर-बुक घ्यावे, आणि आपल्या परिस्थितीला कोणती वाट सोयीची हे विवरणपत्र भरण्यापूर्वी हिशेबनिसाला विचारावे.