वर्षाचे गहू आणि कागदातली पुडी

एप्रिल सरत आला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर जागेवरून कुरबुर सुरू होते. एका कोपऱ्यात कुरडया, दुसऱ्यात साबुदाण्याच्या पापड्या, आणि मधली ऐसपैस जागा कुणीतरी गव्हासाठी अडवलेली. त्या दिवसांत बायका भेटल्या की बोलणं भावावरून निघतं आणि गव्हाला काय लावायचं यावर येऊन थांबतं. कुणी एरंडेल सांगतं, कुणी बोरिक पावडर, कुणी कडुलिंबाचा पाला. उपाय कुठलाही असो, तो सांगणारीच्या माहेरी नाहीतर सासरी वर्षानुवर्षं चालत आलेला असतो, त्यामुळे त्यावर उलट प्रश्न करायची पद्धत नाही.

मी मात्र हल्ली प्रश्न करते. याने किडा कशामुळे मरतो? आणि ज्याने किडा मरतो, ते माझ्या लेकरांच्या पोटात किंवा नाकात गेलं तर काय होईल? या दोन प्रश्नांमागे एक रात्र आहे. ती सांगते, म्हणजे पुढचं सगळं का सांगतेय ते कळेल.

त्या वर्षी गहू आले ते दुकानाच्या माणसानेच वर आणून दिले. कोठी भरून देतो म्हणाला, भरून दिली, आणि भरता भरता वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या दोन पुड्या मधल्या थरात खोचल्या. सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाला, "काही नाही आजी, किड्याचं औषध. सगळ्यांनाच देतो." पैसेही वेगळे घेतले नाहीत. कागदावर ना नाव, ना कंपनी, ना सूचना. कोठी होती आतल्या खोलीत, मुलांच्या पलंगाच्या पायथ्याशी, कारण फ्लॅटमध्ये कोठीला दुसरी जागा असते कुठे?

रात्री धाकटीला उलटी झाली. दुपारी आमरस झाला होता, तो बाधला असं वाटलं. मग थोरला डोकं दुखतंय म्हणून उठला, आणि त्यांच्यापाशी झोपलेल्या ह्यांनाही मळमळायला लागलं. त्या गडबडीत शेजारचे काका आले. त्यांची उभी नोकरी सरकारी धान्य गोदामात झालेली. आतल्या खोलीच्या दारात ते थबकले. "काय गं, लसणाची फोडणी दिलीस का रात्री?" घरात त्या दिवशी लसणाची पाकळीसुद्धा सोललेली नव्हती. काकांनी कोठीकडे पाहिलं, पुढचं काही विचारलं नाही. "आधी सगळे बाहेर. अंगावरच्या कपड्यांनिशी. खिडक्या उघड्या टाका आणि खाली चला." रुग्णालयात तिघांचे ईसीजी काढले आणि त्यांना नजरेखाली ठेवलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते एकच, "घरात धान्याच्या गोळ्या ठेवल्यात का?" तिघंही सुखरूप घरी आले, यात आमचं कौतुक काही नाही. काका वेळेवर आले.

पुडीत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या होत्या. हवेतला दमटपणा लागला की त्यांतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम. गोदामात काम करणाऱ्यांसाठी हवेतल्या फॉस्फीनची मर्यादा दहा लाख भागांत ०.३ भाग धरतात. दहा बाय दहाच्या बंद खोलीत एका गोळीचा सगळा वायू पसरला, तर हे प्रमाण वीसच्या पुढे जातं. आमच्या कोठीत गोळ्या एकाहून जास्त होत्या. गोदामात ही गोळी वापरतात तेव्हा थप्पीवर जाड आच्छादन घालून कडा दाबून बंद करतात, आत कुणी फिरकत नाही, आणि नंतर हवा खेळवूनच माणूस आत जातो. म्हणूनच ती सरकारी गोदामांसाठी आणि परवाना असलेल्या कीडनियंत्रकांसाठीच आहे. घरी वापरायला ती विकायची परवानगीच नाही. तरी ती कागदात बांधून गव्हाबरोबर भेट मिळते.

काकांनी नंतर एक गोष्ट सांगितली. जुन्या काळी धान्य पेवात ठेवायचे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच. जमिनीत खोल खड्डा, वर तोंड बंद. आतला माल आणि किडे दोघंही श्वास घेतात, प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साईड साठतो आणि कीड गुदमरते. पण जो पेवात माल ठेवायला शिकवायचा तो हेही शिकवायचा की तोंड उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही. आधी दिवा सोडायचा. दिवा विझला तर माणूसही वाचणार नाही. उपाय आणि त्याची भीती एकाच तोंडून यायची. आमच्या पुडीबरोबर नुसता उपाय आला, भीती गोदामातच राहिली.

बाकीच्या टिपांचंही तसंच होतं, म्हणून एकेक तपासून घेऊ.

बोरिक पावडर. तांदळाला ही सर्रास चोळतात. धुतल्यावर बरीचशी जाते हे खरं, पण गहू आपण धुऊन दळत नाही. शिजवून ती उडून जात नाही, चवीलाही कळत नाही. अन्नात बोरिक अ‍ॅसिड मिसळायला आपल्या अन्नसुरक्षा नियमांत परवानगी नाही. लहान मूल असेल त्या घरात तर डबासुद्धा नको.

पारद गोळ्या. पारा साध्या तापमानालाही थोडा थोडा हवेत उडत राहतो आणि शरीरात साठतो. वेष्टनावर घटक लिहिलेले नसतील तर गोळी कितीही 'आयुर्वेदिक' असो, ती धान्यात जाता कामा नये.

काडेपेटी आणि डांबरगोळी. डाळीच्या डब्यात काडेपेटी ठेवायची टीप अजून फिरते. काड्यांची रसायनं डाळीत नकोत, एवढं पुरे. डांबरगोळी धान्याजवळच काय, तान्ह्या बाळाच्या कपड्यांतही नको. काही बाळांना जन्मतःच जी-सिक्स-पी-डीची कमतरता असते आणि नॅप्थलीनच्या वासाने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

कडुलिंबाचा पाला, बिब्बा, एरंडेल. पाला सावलीत पार कुरकुरीत वाळवून थराथरात घालावा. ओलसर पाला घातला तर किडीऐवजी बुरशी लागते. तो कीड दूर ठेवायला मदत करतो, दाण्याच्या आतली अंडी मारत नाही. बिब्बा हाताळताना तेल अंगाला लागलं की फोड येतात, म्हणून मुलांच्या हाती लागेल तिथे नको. एरंडेल तूरडाळीला किलोला चमचाभर, हाताने सारखं चोळून. खायच्या प्रतीचं घ्या, आणि डाळ शिजवण्याआधी धुवा.

आता खरा राखणदार: कोरडेपणा. गव्हातला सोंडकिडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि भोक बुजवतो. अळी दाण्याच्या पोटात वाढते आणि महिना-दीड महिन्याने किडा बाहेर येतो. म्हणून एप्रिलमध्ये स्वच्छ दिसलेला गहू जूनमध्ये 'एकाएकी' किडतो. मूग-चवळीवर बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती भुंगेऱ्याची अंडी. ही कीड बऱ्याचदा शेतातूनच शेंगेवर आलेली असते. अख्ख्या कडधान्यापेक्षा डाळ या भुंगेऱ्यापासून जास्त सुरक्षित, म्हणून साठवायचीच तर डाळ जास्त आणि कडधान्य कमी. धान्यात ओल बारा टक्क्यांच्या खाली असली की किडीची वाढ मंदावते.

ओल बघायची घरगुती युक्ती अशी: कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर गहू आणि चमचाभर कोरडं मीठ घालून बरणी नीट हलवायची आणि पाव तास ठेवायची. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे, गहू ठेवण्याजोगा नाही. नाहीतर आजीची परीक्षा आहेच. दाणा दाताखाली धरायचा. कट्‌कन तुटला तर वाळलाय, चेपला तर अजून ऊन हवं.

ऊन द्यायचं ते कडक, दोन-तीन दिवस, बोट-दीड बोट जाडीच्या थरात. दिवसातून दोन-तीनदा हात फिरवायचा, संध्याकाळी गोळा करून झाकायचं. ऊन दिलेला गहू गरम असतानाच कोठीत ओतू नका, रात्रभर निवू द्या. गरम धान्य बंद झालं की आतल्या बाजूला पाणी सुटतं आणि सगळी मेहनत वाया जाते. तांदळाला मात्र ऊन देऊ नये. दाणा तडकतो आणि भाताच्या कण्या होतात. तो सावलीत पसरून वारा द्यायचा, पाखडायचा, चाळायचा.

कोठी भरण्याआधी ती रिकामी करून पुसायची आणि उन्हात उलटी ठेवायची. तळाच्या कडेला मागच्या वर्षीचे दाणे अडकतात, कीड तिथूनच येते. जुने गहू खाली ठेवून त्यावर नवे ओतायचे नाहीत. पोतं वापरायचं तर तेही उलटं करून झटकून तापवायचं. कोठी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. कोठी काठोकाठ भरा, म्हणजे आत हवेला जागा कमी राहते. रोजचं काढायला दहा किलोचा वेगळा डबा ठेवा, आणि पावसाची झड असताना कोठीचं झाकण उघडू नका. रवा, मैदा, बेसन आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवून मग डब्यात भरा. अंडी असली तर तिथेच मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडायचं नाही.

आणि तरीही कुणाच्या घरात अशी पुडी निघाली, किंवा लसणासारखा, सडक्या माशासारखा वास आला आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम मळमळ, डोकेदुखी, छातीत दडपण जाणवलं, तर थांबू नका. वासाची वाटही पाहू नका, तो प्रत्येकाला येतोच असं नाही. सगळ्यांना बाहेर काढा. पुडीवर पाणी ओतू नका. पाण्याने वायू आणखी जोरात सुटतो आणि पेटही घेऊ शकतो. कोठीत हात घालून गोळ्या शोधत बसू नका, ते काम अग्निशमन दलाचं, क्रमांक १०१. रुग्णवाहिकेला १०८. रुग्णालयात 'धान्याची गोळी' हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा, कारण या वायूवर उतारा नाही, लवकर मिळालेले उपचार हाच आधार. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर फोनवर सल्ला देतं. हे क्रमांक फ्रीजच्या दारावर लावून ठेवा.

राहता राहिला मुद्दा, जो गच्चीवर कुणालाच आवडत नाही. वर्षाचं भरायचंच कशाला? वाड्यात माजघर होतं, कोठी झोपायच्या खोलीत नव्हती, आणि पंगतीला पंधरा पानं होती. आमच्या घरात पाच माणसं. लोकवन असो की सिहोर, दुकानात तो बारा महिने मिळतो. मी आता तीन महिन्यांचेच गहू आणते. पहिली खेप मार्च-एप्रिलमध्ये, नवा माल आल्यावर, आणि पावसाळ्यात अगदी महिन्यापुरते. किलोमागे दोन-चार रुपये जास्त जातात, सासूबाईंनी ते बोलूनही दाखवलं. पण एवढ्याशा गव्हाला औषध लागत नाही, आणि दुकानदाराला मी दारातच सांगते, "पोतं शिवलेलंच द्या, भरायचं आम्ही बघू."