एक नेटवर्क कार्ड, अनेक आभासी संगणक

एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालविण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. जमिनीच्या नोंदी, वेतनपत्रके, परीक्षांचे निकाल अशी भिन्न कामे त्यामुळे परस्परांपासून अलग ठेवता येतात. अडचण येते ती नेटवर्क कार्डाची. कार्ड एक आणि मागणारे अनेक. नेहमीच्या व्यवस्थेत प्रत्येकाचा संदेश यजमान यंत्रणेच्या हातून जातो. कालव्याच्या तोंडाशी एकच पाटकरी बसवून त्यानेच प्रत्येक शेताला पाणी सोडावे, तसा हा प्रकार होय. पाणी भरपूर असूनही पाटकऱ्याची दमछाक होते. येथे प्रोसेसरचा वेळ खर्ची पडतो.

यावरील एक उपाय म्हणजे एस.आर.-आय.ओ.व्ही. हे तंत्र. त्याचे मानक पी.सी.आय.-सिग या संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केले. कार्डातील मूळ घटकास फिजिकल फंक्शन, तर त्याच्या शाखांस व्हर्च्युअल फंक्शन म्हणतात. कालव्यातून प्रत्येक शेतासाठी स्वतंत्र चारी काढावी, तशा या शाखा होत. इंटेलच्या ८२५९९ या जातीच्या कार्डावर लिनक्समध्ये प्रत्येक पोर्टमागे अशा ६३ शाखा काढता येतात. लिनक्स कर्नेलमध्ये ही सोय २००९ सालच्या २.६.३० या आवृत्तीपासून आहे.

मांडणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

१. बायोसमध्ये एस.आर.-आय.ओ.व्ही. आणि आय.ओ.एम.एम.यू. या दोन्ही सोयी चालू कराव्यात. आय.ओ.एम.एम.यू. हा स्मृतीचा राखणदार आहे. एका आभासी संगणकास दिलेल्या शाखेने दुसऱ्याच्या स्मृतीत शिरू नये, याची दक्षता तो घेतो.

२. कर्नेलच्या सिसएफएस या विभागात प्रत्येक कार्डाच्या नावे दोन नोंदी असतात. पहिलीत शाखांची कमाल संख्या वाचावी. दुसरीत हवी ती संख्या लिहावी. ही रीत २०१३ सालच्या ३.८ या आवृत्तीपासून आली.

३. आयपी या आज्ञेने प्रत्येक शाखेचा मॅक पत्ता ठरवून द्यावा आणि तोतया पत्त्यांची तपासणी चालू ठेवावी.

४. त्यानंतर शाखा व्हीएफआयओ चालकाच्या स्वाधीन करून आभासी संगणकास द्यावी.

दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. चालू असलेली संख्या बदलावयाची तर आधी शून्य लिहावे लागते. शून्य लिहिताच त्या पोर्टच्या सर्व शाखा नाहीशा होतात आणि त्यांवरील आभासी संगणकांचा संपर्क तुटतो. म्हणून हे काम पूर्वसूचना देऊन, कामकाज बंद असतानाच करावे. तसेच लिहिलेली संख्या यंत्र पुन्हा सुरू होताच पुसली जाते. ती आरंभीच्या सूचनांत नोंदवून ठेवावी.

या मार्गाने जाणारे संदेश यजमानाच्या संरक्षक नियमांतून जात नाहीत, हेही विसरू नये. पाटकरी दूर झाला म्हणजे बांधाची राखण ज्याची त्यानेच करावयाची असते. म्हणून प्रत्येक आभासी संगणकात स्वतंत्र संरक्षण असणे अगत्याचे आहे.