पाखरांची छायाचित्रे

मुलांनो, प्रवासाला निघताना आपण शिदोरी घेतो, पाण्याची बाटली घेतो. आता बहुतेकांजवळ मोबाइल असतो आणि त्यात कॅमेराही असतो. मग घाटात, धबधब्याजवळ, समुद्रकिनारी माणसे स्वतःचेच फोटो काढत राहतात. काही हौशी मंडळी मात्र वाटेत भेटणाऱ्या रानपाखरांचे फोटो काढतात. हा छंद कसा असतो, ते आपण पाहू.

पुण्याहून सोलापूरकडे निघाले, की सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण हे गाव लागते. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्या धरणाचे पाणी मागे पसरत भिगवणपर्यंत आले आहे. इथे काठाजवळ पाणी उथळ आहे आणि तळाशी मऊ चिखल आहे. पाखरांना मासे, किडे आणि शेवाळ भरपूर मिळते. म्हणून हिवाळ्यात इथे पाखरांची जत्राच भरते. पट्टकादंब नावाचे पाणपक्षी तर हिमालय ओलांडून येतात. पण पाहुण्यांची नजर आधी शोधते ती रोहित पक्ष्यांना. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. काठीसारखे लांब पाय, वळणदार मान आणि पांढऱ्या पंखांवर गुलाबी छटा! हा गुलाबी रंग त्याला त्याच्या अन्नातून मिळतो. तो मान खाली घालतो, चोच उलटी करतो आणि चिखलाच्या पाण्यातून बारीक जीव गाळून खातो.

जवळच्या कुंभारगावचे मच्छीमार आपल्या नावेतून पाहुण्यांना पाखरे दाखवायला नेतात. इथेच छायाचित्रकाराची खरी परीक्षा असते.

रोहिताला उभ्या जागेवरून एकदम उडता येत नाही. आधी तो पाण्यावरून धावतो आणि मग हवेत उठतो. सगळा थवा एकदम उठला, की पंखांखालचा लाल आणि काळा रंग उघडा पडतो. फोटो फार सुंदर येतो, हे खरे. त्या एका फोटोसाठी काही जण नावाड्याला म्हणतात, “भाऊ, नाव थव्यात घाला ना!” शहाणा नावाडी ऐकत नाही. तो आधीच नाव थांबवतो. कारण दिवसभर एकामागून एक नावा येतात. प्रत्येक नावेने थवा उडवला, तर पाखरांनी खायचे कधी? खाऊन मिळवलेली शक्ती उडण्यातच संपेल.

मग किती जवळ जावे? हे अंतर पाखरूच सांगते. ते निवांत खात असेल, तर ठीक. खाणे सोडून त्याने मान वर केली किंवा ते दूर चालू लागले, की तिथेच थांबावे. दूरचे पाहायला दुर्बीण आहेच. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. ‘दूर’ आणि ‘बीन’ म्हणजे दूरचे पाहणारी! फारसीतून आलेला हा पाहुणा मराठीतही घरचाच झाला आहे.

फोटोसाठी सकाळची वेळ उत्तम. सूर्य आपल्या पाठीमागे असावा. पाखराचा डोळा स्पष्ट दिसला, की फोटो जिवंत वाटतो. साध्या मोबाइलमध्ये पाखरू लहान दिसेल. दिसू द्या. पाणी, झाडे, आकाश आणि त्यात ते पाखरू, असा फोटोही छान असतो. मला तर असेच फोटो अधिक आवडतात. पाखरू कुठे राहते, ते त्यात कळते.

घरट्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तुम्ही टिटवी पाहिली असेल. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते. अंडी खड्यांसारखी दिसतात. उन्हाळ्यात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी थंड ठेवते. आपण कॅमेरा घेऊन तिथे उभे राहिलो, तर ती ओरडत आपल्याभोवती घिरट्या घालते. तेवढा वेळ अंडी उन्हात तापतात. शिवाय कावळे बघतच असतात. भारतात १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात शिकार म्हणजे काय, हे सांगताना पाखरांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे हेही धरले आहे. बंदूक न घेताही शिकार होते ती अशी!

पूर्वी पुष्कळ छायाचित्रकार घरट्याजवळच फोटो काढत. त्या काळी दूरचे टिपणारी चांगली भिंगे नव्हती आणि पाखरू घरट्याकडे हमखास परत येई. लोके वान थो हे असेच एक नामवंत हौशी छायाचित्रकार होते. ते सिंगापूरचे मोठे व्यापारी. महायुद्धात १९४२ साली ते सिंगापूर सोडून निघाले. वाटेत त्यांचे जहाज बुडाले, पण ते वाचले आणि पुढे भारतात आले. मुंबईत त्यांची डॉ. सलीम अली यांच्याशी मैत्री जमली. दोघांनी मिळून पाखरांसाठी प्रवास केले. लोके आडोशामागे लपून तासन्‌तास बसत. त्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९५७ साली निघाले. आज मोठी भिंगे मिळतात. म्हणून घरट्याजवळ जाण्याची गरज उरलेली नाही.

सलीम अली पाहिलेल्या पाखरांची नोंद वहीत करत. फोटो काढल्यावर तुम्हीही तारीख, वेळ, गाव आणि पाखरू काय करत होते, हे लिहून ठेवा. नाव माहीत नसले, तरी चालेल. ते नंतर पुस्तकात सापडते. तारीख मात्र मागून आठवत नाही.

शब्दार्थ : शिदोरी – प्रवासात खाण्यासाठी घेतलेले अन्न, हौशी – आवडीने काम करणारा, थवा – पाखरांचा समूह, घिरट्या घालणे – गोल गोल फिरणे, भिंग – कॅमेऱ्याची काच, आडोसा – लपण्याची जागा.

स्वाध्याय : शहाणा नावाडी नाव थव्यात का घालत नाही? टिटवी आपली अंडी थंड कशी ठेवते? तुमच्या शाळेजवळचे एक पाखरू दहा मिनिटे पाहा आणि त्याविषयी पाच वाक्ये मराठीत लिहा.